भिमाबाईच्या वाट्याचा रुपया

दिंद्रुडात भिमाबाई लखपती झाली, ही बातमी सगळ्यात शेवटी भिमाबाईला कळली.

शाळेच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडत बसली होती. गिरणीवाला पंडित दारात आला आणि चपला काढून आत आला. ह्या माणसानं तिच्यापुढं कधी चपला काढल्या नव्हत्या, त्यामुळं तिचं लक्ष आधी त्याच्या पायांकडंच गेलं.

"भिमाबाई, जरा अडचण व्हती."

"दळनाची का?"

"न्हाई. पोरीला कालेजात घालायचं हाय. तुमच्याकडं आता... मंजी लोकं म्हनत्यात."

"काय म्हनत्यात?"

"त्यो रुपया. निजामाचा. पंधरा लाखाला गेला म्हनं."

भिमाबाईला असं हसू फुटलं की मांडीवरचं सूप कलंडलं. ती होतीच तशी, आधी हसायची आणि मग विचार करायची. पण पंडित हसला नाही. त्यानं चपलात पाय घातले आणि तोंड पाडून म्हणाला, "न्हाई म्हनायचं तर सरळ म्हना की. हसता कावून?"

तो गेला आणि भिमाबाई सांडलेले तांदूळ गोळा करत बसली. रुपया तर तिच्या कमरेच्या पिशवीत होता.

भिमाबाई मूळची नांदूरघाटची. लग्न होऊन दिंद्रुडला आली, नवरा तरुणपणीच गेला, पोटी काही नव्हतं. माहेरी परत चल म्हणून धाकटा भाऊ शहादेव दोनदा न्यायला आला होता. ती गेली नाही. आधी दुसऱ्याच्या रानात खुरपलं, मग शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. शाळेतली पोरं तिला मावशी म्हणायची. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की तिनं पातेल्यापाशी हाक मारली की मैदानाच्या टोकाची पोरं ताट घेऊन पळत यायची. कुणापुढं हात पसरायचा नाही आणि आपल्या हातून कुणाचं अडू द्यायचं नाही, एवढ्यावर तिनं आयुष्य काढलं. शहादेवाची लेक पंचशीला हीच तिची लेक. पोरगी सुट्टीत आत्याकडं यायची, आत्याच्या कुशीत झोपायची आणि परत जाताना रडायची.

रुपया त्यांच्या आईचा. चांदीचा, एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. आईच्या आईनं तो लेकीला लग्नात दिला होता, आणि त्याआधीच कुण्या सोनारानं त्याला वर डाख देऊन कडी बसवली होती. काळ्या दोऱ्यात ओवून आई तो गळ्यात घालायची. बाकी अंगावर सोन्याचांदीचा डाग म्हणावा असा नव्हताच. दर भीमजयंतीच्या सकाळी आई चिंच भिजवायची, चुलीतली राख चाळून घ्यायची आणि अंगणात बसून रुपया घासायची. उन्हात धरला की डोळे दिपायचे. मग पांढरं लुगडं नेसून, तो रुपया गळ्यात घालून ती मिरवणुकीला जायची. आईचे हात थकल्यावर हे काम भिमाबाईकडं आलं. ती खास त्यासाठी आदल्या दिवशी माहेरी यायची आणि राखेऐवजी भांड्याची पावडर लावून रुपया असा घासायची की आई म्हणायची, "बास गं, आता त्याच्यात माझं तोंड दिसाया लागलं."

गेल्या पावसाळ्यात आई गेली. पुढं विहिरीची कसलीशी योजना आली आणि शहादेवाला सातबाऱ्यावर एकट्याचं नाव हवं झालं. जमीन मुरमाड, दीडेक एकर. भिमाबाईला निरोप आला तेव्हाच ती सही करायच्या तयारीनं निघाली होती. पण शहादेवाच्या मनात वेगळंच होतं.

"अक्का, मला फुकट न्हाई पायजे," तो म्हणाला. "लोकं म्हनत्याल, इधवा बहिनीचा वाटा खाल्ला."

त्याच्या पोरानं, सौरभनं, मोबाइल काढला. मोबाइलमध्ये एक माणूस हिंदीत ओरडून सांगत होता, की चारमिनारचं नाणं ज्याच्या घरात असेल त्यानं स्वतःला लखपती समजावं. त्याच्या हातातलं नाणं तर अगदी आईच्या रुपयासारखं होतं.

शहादेवानं आईच्या पेटीतून रुपया आणला आणि बहिणीच्या ओंजळीत ठेवला. "ह्यो तुला. रान मला. तुझ्याच वाट्याला जास्ती जातंय, पन जाऊ दे. तू थोरली हायस."

त्याची बायको संगीता चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही, पण भाकरी थापायचा आवाज मात्र थांबला.

"अरे, मला आईचा म्हनून पायजे," भिमाबाई म्हणाली. "लाख घिऊन काय करू?"

"त्ये तुझं तू बघ."

केजला जाऊन हक्क सोडल्याचे कागद झाले. बाहेर आल्यावर शहादेवानं तिला भजी खाऊ घातली, बसमध्ये जागा धरून दिली आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. भावाचा चेहरा तिनं इतका मोकळा बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. एवढं मोठं काहीतरी हातानं देऊन टाकल्याचं समाधान त्या चेहऱ्यावर होतं. भिमाबाई दिंद्रुडपर्यंत कमरेच्या पिशवीवर हात ठेवून आली. तिच्या दृष्टीनं वाटणी फार चांगली झाली होती.

पण बातमी तिच्या मागोमाग निघाली होती. संगीताची बहीण तेलगावला दिलेली. नांदूरघाटात दोन लाख असलेला रुपया तेलगावात सात लाख झाला आणि दिंद्रुडात येईस्तोवर विकूनही टाकला गेला. पंडितानंतर बचत गटातल्या बाया आल्या. मग विहाराच्या कामासाठी स्लॅबची वर्गणी मागायला चार माणसं आली आणि अदबीनं खाली बसली. भिमाबाईनं पिशवीतून रुपया काढून दाखवला. "ह्यो बघा. इकला न्हाई." त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एकजण म्हणाला, "तुमच्याकडं बरेच असत्याल की."

ज्यांच्या घरी ती अडीअडचणीला धावत गेली होती, ती माणसं वाटेत भेटली की तुटक बोलायला लागली. मागं ना पुढं कोन, एवढं दाबून ठिवून काय करती बाई, असं विहिरीवर बोलणं झालं आणि तेही तिच्यापर्यंत पोचलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका सुकन्या मॅडम. त्यांनी एकदा तिला ऑफिसात बोलावलं. "मावशी, बीडला माझे मामा आहेत, मोहनराव. कोषागारात होते, रिटायर झाले. जुनी नाणी जमवतात. एकदा त्यांना दाखवा. काय असेल ते नीट कळेल तरी."

रविवारी भिमाबाई बीडला गेली. मनातून तिला वाटत होतं, की नाण्याला खरंच लाख येत असतील तर विकून टाकावं. अर्धे शहादेवाला द्यावेत, पंडिताच्या पोरीला द्यावेत, स्लॅबला द्यावेत. नाही आले तर लोकांना ठणकावून सांगावं. काहीही झालं तरी ह्या जाचातून सुटका होईल.

मोहनराव बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी टेबलावर मऊ कापड पसरलं, दिवा खाली ओढला आणि रुपया दोन बोटांनी फक्त कडेला धरून उचलला. तव्यावरून गरम भाकरी उचलावी तसा. भिमाबाईला गंमत वाटली.

आधी त्यांनी तो छोट्या काट्यावर ठेवला. मग बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकेच टोला मारला आणि कान लावला. "चांदी खरी आहे," ते म्हणाले. "कडीमुळं आवाज जरा बसका येतो, पण नाणं अस्सल आहे."

भिमाबाईचा जीव भांड्यात पडला.

मग ते भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिले. रुपया कलता करत होते, सरळ करत होते, पुन्हा कलता करत होते. घरातून कुकरची शिट्टी आली, विरली. त्यांनी भिंग खाली ठेवलं, उठले आणि कपाटातून एक डबी आणली. डबीतून दुसरा रुपया काढून तिच्या रुपयाशेजारी ठेवला.

"हा त्याचाच भाऊ समजा. बघा."

भिमाबाईनं भिंगातून पाहिलं आणि तिच्या तोंडून "आगं आई" एवढंच आलं. त्या दुसऱ्या रुपयावर चारमिनार उभा होता. मनोरे होते, मनोऱ्यांवरच्या टोप्या होत्या, सज्जे होते आणि मधल्या दारात एक बारीकसं वळणदार अक्षर. काठाला बारीक दाते होते. रंग मात्र काळपट, धुरकट. तिनं भिंग आईच्या रुपयावर आणलं. तो लखलखत होता, पण मनोऱ्यांच्या जागी चार आडदांड रेघा राहिल्या होत्या. दाराच्या जागी नुसता खळगा. काठ गुळगुळीत. वर, कडीच्या बुडाशी, डाखाचा गोळा थिजलेला, आणि सगळ्या अंगावर केसासारखे ओरखडे.

"दारातल्या अक्षरावरून कोणत्या निजामाचा ते कळतं," मोहनराव म्हणाले. "तुमच्यात ते उरलं नाही. सालही वाचता येत नाही. आणि ताई, विचारतो म्हणून रागावू नका. हा कुणी घासत होतं का?"

भिमाबाई अभिमानानं म्हणणार होती, दर जयंतीला.

"आई घासायची," ती म्हणाली. "मंग मी. चिंच लावून. लई वर्सं."

 मोहनरावांनी आपला काळपट रुपया डबीत ठेवला. मग म्हणाले, "तो काळेपणा असतो ना, त्यालाच लोक पैसे देतात. तो गेला की हातात चांदी उरते. तुमच्या रुपयाला चांदीच्या वजनाचं मोल. हजार-दोन हजाराच्या घरात."

"आन् घासला नसता तर? तुमच्यावानी ऱ्हायला असता तर?"

"तरी लाख नव्हतेच. हे रुपये त्या काळी घरोघर होते ताई. थोडे जास्त आले असते, एवढंच. तो व्हिडिओ खोटा आहे. महिन्यात किती जण येतात माझ्याकडं असे. खरं सांगितलं की मीच चोर असल्यासारखं माझ्याकडं बघतात आणि उठून जातात."

भिमाबाईला पैशाचं वाईट वाटलं नाही. बसमध्ये बसल्यावर तर तिला हलकंच वाटत होतं. लाख नाहीत, सुटले. पण वडवणीच्या पुढं कुठंतरी तिच्या डोळ्यांसमोर भावाचा तो बसच्या खिडकीखालचा चेहरा आला, आणि हलकेपणा गेला. शहादेव अजून तेच धरून बसला होता, की आपण बहिणीला लाखाचा ऐवज दिला. खरं काय ते त्याला आपल्या तोंडून कळलेलं बरं, म्हणून पुढच्या रविवारी ती नांदूरघाटला गेली.

शहादेव ओट्यावर दोरी वळत बसला होता. तिनं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. तो दोरी वळता वळता ऐकत होता. शेवटी त्यानं हात पुसले. "आन इकडं."

तिनं रुपया दिला. त्यानं तो उलटापालटा केला, उन्हात धरला, अंगठा फिरवला.

"अक्का," तो म्हणाला, "ह्यो त्यो न्हाईच."

"आरं काय बोलतूस?"

"मी आईच्या मांडीवर पडून चारमिनारची दारं मोजायचो. मला चांगलं ध्यानात हाय. हितं दार कुठं हाय? दाव मला."

"झिजलाय त्यो. आपुनच घासून घासून झिजवलाय. कडी बघ की, तीच हाय."

"कडी कुनी बी डाखतंय. आन् झिजाया चांदी काय साबनाची वडी हाय का?"

भिमाबाईनं मोहनरावांना फोन लावला आणि फोन भावाच्या हातात दिला. शहादेवानं शांतपणे ऐकून घेतलं. मधून मधून "व्हय सायेब, व्हय सायेब" म्हणाला. फोन परत देताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"त्येंची तुझी वळख झालीया तर."

"शहादेव!"

आतून संगीता बोलली, "इकला आसंल तर इकला म्हना ना अक्का. आमी काय वाटा मागाय आलो न्हाई. कागद झाल्यात, आमी गप हाव."

"मला वाटा नगंच व्हता," शहादेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी माझ्या हातानं दिलाय. पन निस्तं सांगायचं तरी व्हतं. असं खोटं नानं घिऊन यायचं काय कारन व्हतं?"

  भिमाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "मंग तूच घे ह्यो. मला नगं. रान बी तुला, रुपया बी तुला."

त्यानं हात मागं घेतला. "खोटं घिऊन मी काय करू?"

रुपया ओट्यावर पडला. वाजला. मोहनरावांनी ऐकला होता तोच आवाज आला, पण तो ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. भिमाबाईनंच वाकून तो उचलला.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट झाली, जिची तिला जास्त भीती वाटली. रुपया तळहातावर घेऊन ती पाहत होती आणि तिलाही चारमिनारची दारं आठवत होती. तीही आईच्या मांडीवर पडून ती पाहायची. दारं होती. मग हा खरंच तोच का? आई आजारी असताना, पेटी इकडची तिकडं होताना... तिनं रुपयाची कड न् कड तपासली. शपथेवर सांगावी अशी एकही खूण तिला सापडली नाही. जी खूण होती ती तिनंच दरवर्षी पुसून काढली होती.

त्यानंतर शहादेवाचा फोन यायचा बंद झाला. भांडण नाही, शिवी नाही, नुसता बंद. दिंद्रुडातली माणसं मात्र हळूहळू निवळली. काहीजणांना भिमाबाई कंजूष वाटली, काहीजण गोष्टच विसरून गेले. पंडित दळण घेताना पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला. फक्त माहेरची बातमी तिला दुसऱ्याकडून कळायला लागली. विहिरीला पाणी लागल्याचं कळलं. पंचशीलेचं लग्न ठरल्याचं कळलं.

पत्रिका द्यायला शहादेव स्वतः आला, हे त्याचं मोठेपण. दारातच उभा राहिला. चहा नको म्हणाला, पाणी प्याला. जाता जाता बोलला, "पोरगी तुझ्यासाठी जीव टाकती. ये."

भिमाबाईनं त्या उन्हाळ्यात एक वाकळ शिवली. आपली मऊ झालेली पातळं निवडून, मधोमध निळ्या कापडाचं मोठं फूल लावून, बारीक टाक्यांची. रुपया पंचशीलेच्या गळ्यात घालावा असं फार वाटत होतं. आई असती तर तिनंही तेच केलं असतं. पण मांडवात शहादेव म्हणालाच की हे नाणं खोटं आहे, तर? संगीता हसली, तर? पोरीच्या नव्या घरची माणसं ते तपासायला सोनाराकडं गेली, तर? तिनं तो पेटीत ठेवून कुलूप घातलं.

लग्न केजच्या मंगल कार्यालयात होतं. स्टेजवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पांढरी फुलं. भिमाबाई मागच्या बाजूला, बायांच्या घोळक्यात बसायला निघाली होती, तोच शहादेव आला आणि तिचा दंड धरून तिला पुढच्या रांगेत घेऊन गेला. तिथं सोफा होता. नवरदेवाच्या आईला तो म्हणाला, "ही आमची थोरली बहीन. दिंद्रुडची. लई मोठी आसामी."

आवाज साधा होता. ज्याला माहीत नाही त्याला त्यात काहीच ऐकू आलं नसतं.

नवरदेवाची आई सरकून बसली आणि गोड हसली. "बसा की ताई. तुमच्याकडं जुनी नानी लई हायत म्हनं."

"न्हाई हो," भिमाबाई म्हणाली. "एकच हाय. त्ये बी चांदीच्या भावाचं."

"असू द्या, असू द्या," बाई समजूतदारपणे म्हणाली. "कोन सांगतंय खरं."

गाथा झाल्या, फुलं पडली, टाळ्या झाल्या. मग आहेर सुरू झाले आणि माइकवाला नावं पुकारू लागला. मामाकडून कपाट, चुलत्याकडून फ्रिज. भिमाबाईचं नाव घेताना त्यानं आवाज लांबवला, कुणीतरी त्याला सांगून ठेवलं असावं. "नवरीच्या आत्याबाई, दिंद्रुडच्या भिमाबाई यांच्याकडून..." त्यानं थैलीत पाहिलं. "एक वाकळ."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. शहादेव पंख्याकडं पाहत राहिला.

पंचशीलेनं वाकळ हातात घेतली, उलगडली, त्यावरून हात फिरवला. "आत्या, ह्याच्यात तुझं ते हिरवं पातळ हाय ना?" एवढं ती बोलली, आणि फोटोवाल्यानं तिला पुढं बघायला सांगितलं.

भिमाबाई खाली उतरली. जेवणाचा वास येत होता. तिची पावलं आपोआप मागच्या आचाऱ्यांच्या बाजूला वळली, वरणाला मीठ नीट लागलंय का ते बघायला, निदान वाढायला तरी उभं राहावं म्हणून. दारातच संगीता आडवी आली.

"तुमी कशाला अक्का? तुमी मोठी मान्सं. बसा तिकडं, ताट आनून देतेत."

  भिमाबाई माघारी फिरली आणि त्या सोफ्यावर जाऊन बसली. एका पोरीनं ताट आणून तिच्या हातात दिलं. वरण अळणी होतं. तिनं मान खाली घालून ते सगळं संपवलं.